मेलेली गाडी कोणी ओढायची?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास-न्हाणी, सगळे काही. ज्यांच्याजवळ पैसा आणि सुट्टी आहे त्यांनी ते भाड्याने घ्यावे, वेरूळ-अजिंठ्याला जावे, धरणाच्या काठावर मुक्काम करावा. आमची त्यास हरकत नाही. बुद्धलेणी पाहायला कोणी एस.टी.ने आला काय आणि चाकांवरच्या घरातून आला काय, लेणी तीच. मात्र एक प्रश्न आम्हाला पडतो. पंधरा-वीस वर्षांनी हे घर मोडकळीला येईल, चाके बसतील, पत्रा कुजेल, तेव्हा ते मोडीत काढण्याचा आणि ज्या जागेवर ते सडत उभे राहिले ती जागा साफ करण्याचा खर्च कोणाच्या माथी बसणार?

उत्तरासाठी सरकारी कागद चाळण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही हमरस्त्याच्या कडेला ते उभे आहे. जुनी मेटॅडोर, जुना टेम्पो, क्वचित एखाद्या मिनीबसचा सांगाडा. चाकांखाली विटा लावलेल्या. एका बाजूचा पत्रा कापून खिडकी केलेली, आत चहाचा स्टोव्ह किंवा अंडाभुर्जीचा तवा. कुठे पंक्चरचे दुकान, कुठे बांधकामावरच्या वॉचमनचे बिऱ्हाड. हा आमच्या लोकांचा कॅराव्हॅन. त्यांच्या कॅराव्हॅनसाठी पर्यटन खाते आहे, आमच्या कॅराव्हॅनसाठी महापालिकेचे अतिक्रमण हटाव पथक आहे.

हे शहर गाड्या जन्माला घालणारे शहर आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. देशभरातल्या कितीतरी रिक्षा आणि मोटारसायकली तिथून बाहेर पडल्या. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना. चिकलठाण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, जिथे लाल गाडीची बॉडी बांधली जाते. आता बिडकीनच्या ऑरिकमध्ये टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू, एथर यांचे विजेवरच्या गाड्यांचे प्रकल्प २०२४ साली जाहीर झाले. हजारो कोटींचे करार, मंत्र्यांचे फोटो, पहिल्या पानावर मथळे. गाडीच्या जन्माचा सोहळा असा वाजतगाजत होतो. तिच्या मरणाची व्यवस्था मात्र कोणत्याही करारात दिसत नाही. मेलेली गाडी पडेगावकडे, चिकलठाण्याकडे, वस्तीच्या कडेच्या मोकळ्या जागेत कुठेतरी जाऊन पडते आणि मग कोणीतरी येऊन ती तोडतो. तो ‘कोणीतरी’ कोण असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आता हिशेब मांडू. समजा एक जुनी मेटॅडोर आहे, रिकामे वजन दीड टन. त्यातले दोन तृतीयांश लोखंड धरले तर एक टन होते. भंगार लोखंडाचा भाव दर आठवड्याला खालीवर होतो. हिशेबापुरता किलोला तीस रुपये धरला तर तीस हजार रुपये झाले. त्यात इंजिनातले ॲल्युमिनियम, वायरिंगमधले तांबे, बॅटरीतले शिसे यांची थोडी भर. कागदावर हा फायद्याचाच सौदा दिसतो, आणि ‘भंगारात पैसा आहे’ हे वाक्य म्हणूनच प्रत्येकाच्या तोंडी असते.

खर्चाची बाजू कोणी वाचत नाही. चाके नसलेली गाडी उचलायला क्रेन लागते, वाहून न्यायला ट्रॉली लागते, तिचे भाडे आगाऊ. गाडीवर कर थकलेला असतो, जुन्या गाड्यांवर महाराष्ट्रात २०१० पासून आकारला जाणारा पर्यावरण कर थकलेला असतो, ई-चलन थकलेले असते. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर फायनान्स कंपनीचा बोजा उतरवल्याचा दाखला हवा. एवढे झाले की लोखंड सोडून उरलेले काय करायचे? सीटमधला फोम, रेक्झिन, फायबर, काचा, सडलेले प्लायवूड, थर्माकोल, टायर. चाकांवरच्या घराच्या बाबतीत तर हाच भाग जास्त, कारण त्यात गाडी कमी आणि घर जास्त असते. या मालाला भंगारवाला हात लावत नाही. लावला तर उलट पैसे मागतो. युरोपातही ओढून न्यायचा जुना कॅराव्हॅन दारातून हलवायला मालकालाच पदरचे पैसे मोजावे लागतात, ते याच कारणाने. आपल्याकडे मालक पैसे मोजत नाही. तो उरलेला माल रात्री नाल्यात ढकलला जातो किंवा पेटवून दिला जातो. धूर वस्तीत येतो. तो खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

सरकार म्हणते, अधिकृत केंद्रात जा. केंद्र सरकारने १३ ऑगस्ट २०२१ रोजी जुनी वाहने मोडीत काढण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा प्रारंभ केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम काढले. तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवी गाडी घेतली तर खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत. भंगाराची किंमत म्हणून नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळतील असेही सांगितले गेले. ऐकायला छान आहे. पण सवलत कोणाला? नवी गाडी घेणाऱ्याला. ज्याचे आयुष्य दुसऱ्याने वापरून टाकलेल्या गाडीवर गेले तो नवी गाडी कुठून घेणार? त्याने ते प्रमाणपत्र फार तर दुसऱ्याला विकायचे. तशी सोय नियमात आहे. म्हणजे गाडी याची मोडायची आणि कराची सवलत नव्या गाडीवाल्याच्या खिशात.

आणि मुळात त्याला प्रमाणपत्र मिळण्याचीच मारामार. आमच्या वकिलीच्या धंद्यात ही गोष्ट रोज दिसते. गाडी पहिल्याने घेतली, दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला. प्रत्येक वेळी फॉर्म नंबर २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पण आर.टी.ओ.त कोणी गेले नाही. कोऱ्या सह्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात २०१८ साली स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक. तेव्हा गाडीत चहाचा धंदा करणारा आमचा माणूस दहा वर्षे तिचा धनी असतो, पण कागदावर तो कोणीच नसतो. अधिकृत केंद्र त्याला दारातूनच परत पाठवते. मग तो गल्लीतल्या भंगारवाल्याकडे जातो, आणि कागद नाहीत हे कळताच भंगारवाला भाव निम्म्यावर आणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आर.टी.ओ.ला कळवायचे असते. कळवायचे कोणी? जो पहिला मालक, तो आज कोणत्या शहरात आहे हेही ठाऊक नसते.

गल्लीतल्या त्या दुकानात पुढे काय होते ते पाहू. अधिकृत केंद्राने गाडी तोडण्यापूर्वी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, एसीतला वायू, गॅसची टाकी हे सगळे वेगळे काढायचे असते. त्यासाठी पक्की फरशी, टाक्या, यंत्रे लागतात आणि यंत्राला पैसा लागतो. गल्लीतल्या दुकानात यंत्र म्हणजे पोरगा. अठरा-वीस वर्षांचा, पायात चप्पल, हातात छिन्नी-हातोडा नाही तर गॅस कटर. ऑइल मातीत ओतले जाते. बॅटरी फोडून ॲसिड गटारात सोडले जाते, शिसे वेगळे विकले जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली अहवाल काढला. त्यात भारतातल्या २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचा अंदाज दिला होता, आणि बॅटऱ्यांचा असा उघड्यावरचा धंदा हे त्याचे एक मोठे कारण सांगितले होते. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा संदेश ज्या वस्तीत भिंतीभिंतीवर लिहिलेला आहे, त्याच वस्तीच्या कडेला हा धंदा चालतो. शाळेतला मुलगा मागे का पडतो याचे कारण आपण गुरुजींना विचारतो, शेजारच्या भंगाराच्या ढिगाला विचारत नाही.

दिल्लीच्या मायापुरीचा प्रकार चळवळीतल्या फार थोड्यांना आठवत असेल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले एक जुने यंत्र २०१० च्या फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडले गेले. एप्रिलमध्ये मजूर आजारी पडले आणि त्यातला एक मरण पावला. विद्यापीठात पदार्थविज्ञान जाणणारे होते, रसायन जाणणारे होते. हातोडा मात्र ज्याच्या हातात होता त्याला त्या यंत्राचे नावही कोणी सांगितले नव्हते. लिलावाची रक्कम विद्यापीठाला मिळाली. मरण मजुराच्या वाट्याला आले.

आमच्या वाचकांना हे सगळे कुठेतरी ओळखीचे वाटेल. वाटायलाच हवे. गावगाड्यात ढोर जिवंत असेपर्यंत पाटलाचे, कुळकर्ण्याचे. दूध त्यांचे, बैलाची मेहनत त्यांची, शेण त्यांचे. मेले की ते महाराचे. ओढून न्यायचे, सोलायचे, आणि ओढल्याबद्दल पुन्हा अस्पृश्य ठरायचे. बाबासाहेबांनी हे काम सोडा म्हणून सांगितले तेव्हा विरोधकांनी हिशेब मांडला होता. कातडे, शिंगे, खूर, हाडे मिळून गावागावात वर्षाला पाचशे रुपयांचे उत्पन्न बुडेल, असा तो हिशेब. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली आहे. त्यांचे उत्तर सरळ होते: ज्याला त्या उत्पन्नाचा मोह असेल त्याने खुशाल ढोरे ओढावीत. पाचशे रुपयांच्या हिशेबात माणसाचा मान आणि माणसाचे शरीर कुठेच धरलेले नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाचे विधेयक मांडले. वतन कायद्याने संपायला त्यांच्या महापरिनिर्वाणानंतरची वर्षे उजाडावी लागली.

‘भंगारात पैसा आहे’ हा त्या पाचशे रुपयांच्या हिशेबाचाच आजचा अवतार आहे. पैसा आहे हे खरे. पण लोखंडाचे तीस हजार आणि त्या पोराची फुप्फुसे एकाच तराजूत टाकून पाहिली आहेत का कोणी? गाडी धावत होती तेव्हा कारखानदाराने नफा घेतला, फायनान्स कंपनीने व्याज घेतले, विमा कंपनीने हप्ते घेतले, सरकारने कर घेतला. ती मेल्यावर तिला ओढणारा मात्र पुन्हा तोच. फरक इतकाच की आता त्यात महार-मांगांबरोबर गरीब मुसलमान आहेत, भटके-विमुक्त आहेत, परप्रांतातून आलेले मजूर आहेत. शहरात जातीचे नाव घेतले जात नाही, काम तेच राहते. आणि मोजकीच माणसे कामाला असलेल्या दुकानाला २०१७ चा महाराष्ट्र दुकाने कायदा जवळपास लागतच नाही, तेव्हा कटरने पाय भाजला तर दवाखान्याचा खर्चही त्याचाच.

जगात दुसरीकडे हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला? जपानने २००५ पासून कायदा अमलात आणला. नवी गाडी घेतानाच तिच्या अंत्यविधीचे पैसे खरेदीदाराकडून घेऊन ठेवले जातात. युरोपीय संघाने २००० साली निर्देश काढला. शेवटच्या मालकाने गाडी केंद्रावर नेऊन द्यावी, त्याला खर्च पडू नये, आणि हा खर्च सगळा किंवा त्याचा मोठा वाटा कारखानदाराने उचलावा. दोन्ही ठिकाणी धागा एकच, की पैसे आधीच बांधून घेतले जातात, आणि गाडी ज्याच्या हातात येऊन मेली त्याच्याकडे शेवटी कोणी हात पसरत नाही. ते देश काही समतेचे स्वर्ग नाहीत; तिथल्या जुन्या गाड्या आफ्रिकेत पाठवल्या जातात हेही आम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडे ६ जानेवारी २०२५ रोजी आयुर्मान संपलेल्या वाहनांचे पर्यावरण नियम निघाले आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. या नियमांनी पहिल्यांदाच कारखानदाराला बांधून घेतले आहे, आणि त्याचे आम्ही स्वागत करतो. पण बांधले किती? खासगी गाड्यांच्या बाबतीत वीस वर्षांपूर्वी आणि व्यावसायिक गाड्यांच्या बाबतीत पंधरा वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या गाड्यांत जेवढे पोलाद होते, त्याच्या पहिली पाच वर्षे किमान ८ टक्के. मग १३, मग १८. म्हणजे शंभर किलोतल्या ब्याण्णव किलोंबद्दल पहिली पाच वर्षे त्याला कोणी विचारणार नाही. दुसरे असे की मोजमाप पोलादाचे आहे. ज्या मातीत ऑइल मुरले ती माती, ज्या टायरच्या पाण्यात डेंग्यूचे डास झाले ते टायर, ज्या गटारात ॲसिड गेले ते गटार, यांचा त्या मोजमापात हिशेब नाही. बॅटरीला, टायरला, वापरलेल्या ऑइलला वेगवेगळे नियम आहेत हे खरे; पण गल्लीतल्या दुकानाच्या दारात ते सगळे नियम एकत्र येऊन उभे राहिलेले आम्ही तरी पाहिले नाहीत. ‘प्रदूषण करणाऱ्याने पैसे द्यावेत’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात या देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. त्यात गेलेली जमीन आणि पाणी पूर्वस्थितीला आणण्याचा खर्चही येतो. मग मेलेल्या गाडीखालच्या जमिनीचा खर्च वस्तीने का सोसावा?

जागा साफ करणे हा शब्दप्रयोग या शहरात अलीकडे फार ऐकू येतो. जून २०२५ पासून मुकुंदवाडी, जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा अशा पट्ट्यांत महापालिकेने रस्ता रुंदीकरणासाठी बुलडोझर चालवले. रस्ते रुंद व्हायला हवेत याबद्दल आमचा वाद नाही. पण पक्क्या इमारतीच्या मालकाजवळ निदान नकाशा असतो, वकील असतो, मोबदल्याचा दावा असतो. विटांवर उभ्या असलेल्या मेटॅडोरवाल्याजवळ काय असते? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईबद्दल निकाल दिला आणि पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, म्हणून आपल्या बऱ्याच कार्यकर्त्यांनी पेढे वाटले. निकाल चांगलाच आहे. पण तो नीट वाचला पाहिजे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची हद्द अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला त्या निकालाचे संरक्षण नाही. आमचा टपरीवाला नेमका तिथेच उभा आहे.

त्याचे शस्त्र दुसरे आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा. या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे विक्रेत्याला हटवायचे किंवा दुसरीकडे न्यायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कलम १९ प्रमाणे माल जप्त केला तर त्याची यादी करून सहीनिशी विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल दोन कामकाजाच्या दिवसांत, दंड भरल्यावर, परत करावा लागतो. किती जणांना अशी यादी मिळाली? गाडी क्रेनने उचलली, पत्रा जागेवरच चेपला, स्टोव्ह आणि भांडी त्याच्याखाली गेली, आणि वर्तमानपत्रात बातमी आली की रस्ता मोकळा झाला. त्या गाडीचे एक टन लोखंड कोणत्या वजनकाट्यावर गेले, त्याचे पैसे कोणत्या खात्यात जमा झाले, हे त्या बातमीत नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ मात्र वेळेवर आठवते: दहा तासांपेक्षा जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलिसांनी उचलावी आणि उचलण्याचा खर्च मालकाने द्यावा. म्हणजे गाडीही गेली, लोखंडही गेले आणि क्रेनचे बिलही त्याच्याच नावावर.

आणि साफ केलेल्या जागेवरचा राडारोडा जातो कुठे? नारेगावला विचारा. जवळपास चार दशके या शहराने आपला कचरा नारेगाव-मांडकीच्या शिवारात नेऊन टाकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहराला पहिल्यांदा कळले की आपला कचरा कोणाच्या तरी दारात पडत होता. मग तो मिटमिट्याला नेण्याचा प्रयत्न झाला, ७ मार्चला दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, आणि शहरातले रस्ते कचऱ्याने भरले. त्यातून प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, हे त्या गावकऱ्यांचे उपकार समजा. गावकरी उभे राहिले नसते तर अजूनही गाड्या तिकडेच गेल्या असत्या.

गरिबाच्या एका गाडीने शहर विद्रूप होते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पोलीस ठाण्यांची आवारे पाहावीत. महाराष्ट्रातल्या बहुतेक ठाण्यांच्या मागे जप्त गाड्यांचा ढीग असतो. गंजलेल्या मोटारसायकली एकावर एक, मध्ये वेली उगवलेल्या. हे बेवारस वाहन नव्हे काय? सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जप्त गाड्या ठाण्यात सडवत ठेवण्यात काही अर्थ नाही. फोटो काढा, पंचनामा करा, योग्य जामिनावर परत द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदत घातली आहे: मालमत्ता न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिचे विवरणपत्र, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. तरीही रिक्षावाला कोर्टाच्या चकरा मारतो. रिक्षा ठाण्यात, हप्ता बँकेत, पोट घरात. वर्षाने रिक्षा मिळते तेव्हा तिची बॅटरी गायब, टायर बसलेले. अर्ज करा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. ताबा मिळवण्याच्या अर्जाला मोठा वकील लागत नाही, आणि कलम ४९७ व ५०३ हे दोन आकडे पाठ असले तरी पुरते.

आता दिल्लीची गंमत पाहा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना १ जुलै २०२५ पासून पंपावर इंधन द्यायचे नाही असे ठरले. चारचाकीवाल्या मध्यमवर्गाने आरडाओरड केली आणि काही दिवसांतच ती कारवाई थांबली. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अशा गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नका असे सांगितले. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले गेले. म्हणजे तुलनेने नवी आणि महाग गाडी वाचली, सर्वांत जुनी आणि स्वस्त गाडी कारवाईला मोकळी झाली. हवा शुद्ध व्हावी हे आम्हालाही हवे आहे. ट्रॅफिकमध्ये दिवसभर उभा राहणारा हातगाडीवालाच सर्वांत जास्त धूर गिळतो. पण शुद्ध हवेची किंमत वसूल करायला सरकार नेहमी खालच्या पायरीपासून सुरुवात का करते? जुन्या मोटारगाडीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाली. जुनी गाडी कोणी हौसेने ठेवत नाही.

आमची मागणी गाड्या सडू द्या अशी नाही. मोडीत काढा, लवकर काढा, नीट काढा. पण महापालिकेने टपरीची गाडी उचलण्यापूर्वी पथविक्रेता कायद्याप्रमाणे नोटीस आणि यादी द्यावी, लोखंडाची किंमत ताबेदाराला मिळावी, मग नोंदणी पुस्तकात नाव कोणाचेही असो, आर.टी.ओ.ने अशा हरवलेल्या मालकांच्या गाड्यांसाठी शपथपत्रावर ठेव प्रमाणपत्र देण्याची सोय करावी. उचलण्याचा आणि जागा धुण्याचा खर्च कारखानदारांच्या जबाबदारीत घालावा, आणि बिडकीनला विजेच्या गाड्या बनवायला येणाऱ्यांशी याच वेळी ते बोलून घ्यावे, कारण त्यांच्या बॅटऱ्या आठ-दहा वर्षांत इथल्याच मातीत येणार आहेत. भंगारात काम करणाऱ्या पोरांना हाकलून कंपनीची केंद्रे उभारू नयेत. त्यांच्या सहकारी संस्थेला केंद्राची नोंदणी मिळावी, यंत्रासाठी भांडवल मागासवर्गीयांच्या महामंडळांकडून मिळावे. हात त्यांचे आहेत, कसब त्यांचे आहे, फक्त हातमोजे आणि मालकी त्यांची नाही.

एप्रिल २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ या शहरात प्रशासकाचे राज्य होते, विचारायला नगरसेवकच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली; आता प्रत्येक प्रभागात विचारायला माणूस आहे. शाखांनी पहिले काम म्हणून माहिती अधिकारात महापालिकेच्या अतिक्रमण विभागाला चार प्रश्न विचारावेत. जून २०२५ पासून किती वाहने व हातगाड्या उचलल्या, किती जणांना जप्तीची यादी दिली, लोखंड कोणाला कोणत्या दराने विकले, आणि शहर पथविक्रेता समितीची बैठक शेवटची केव्हा झाली. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास पुढचे तीस दिवस पहिल्या अपिलाचे. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांनी गाडीचा जुना फोटो, विजेचे किंवा विक्रेता सर्वेक्षणाचे काही कागद आणि दोन शेजाऱ्यांची नावे आतापासूनच एका फायलीत लावून ठेवावीत.